षट्कोन आणि सहा क्लोरीन: हाताने काढलेल्या रचनाचित्रावरून अनोळखी औषधाची ओळख

धान निसवण्याच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील सिहोरा परिसराचा शेतकरी बांधीवर चक्कर टाकतो, तेव्हा चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे आहेत काय, लोंबीवर ढेकण्या बसला आहे काय, हे त्याची नजर शोधीत असते. किडीची ओळख तो सहसा चुकत नाही. परंतु त्या किडीवर मारावयाच्या औषधाची ओळख मात्र बहुधा डब्याच्या रंगावरून किंवा कोणाच्या तरी शब्दावरून होते. डब्यावरचा कागद फाटला की ती ओळखही नाहीशी होते.

समजा, सिहोऱ्याच्या आसपासच्या एखाद्या गावी जुन्या घराची कोठी साफ करताना पत्र्याचा डबा सापडला. आत करड्या रंगाची भुकटी आहे. डब्यावरचा कागद वाळवीने खाल्ला आहे. डब्याजवळच कोणाच्या तरी जुन्या शिक्षणवर्गाच्या वहीचे पान आहे. त्यावर शाईने सहा कोपऱ्यांची आकृती काढली असून प्रत्येक कोपऱ्यास एकेक रेषा जोडून तिच्या टोकाशी 'सीएल' अशी इंग्रजी अक्षरे लिहिली आहेत. नाव कोठेही नाही. घरधनी विचारतो, "ही भुकटी बियाण्याच्या धानात मिसळली तर किडे लागणार नाहीत ना?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन गोष्टी निरनिराळ्या समजून घ्याव्यात. आकृती कोणत्या द्रव्याची आहे, ही पहिली गोष्ट. डब्यात कोणते द्रव्य आहे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर कागद आणि पेन्सिल घेऊन काढता येते. दुसरीचे उत्तर तसे काढता येत नाही.

आकृतीची भाषा

रसायनशास्त्रातील प्रत्येक संयुग लहान लहान अणूंचे बनलेले असते. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे हे दाखविण्यासाठी जी आकृती काढतात तिला रचनाचित्र म्हणतात. घराचा नकाशा वाचता येणाऱ्याला रचनाचित्र वाचणे अवघड जाऊ नये. त्याचे नियम थोडे आहेत.

पहिला नियम असा की, जेथे दोन रेषा मिळतात आणि कोणतेही अक्षर लिहिलेले नसते, तेथे कार्बनचा एक अणू आहे असे समजावे. दुसऱ्या नियमाप्रमाणे, कार्बनखेरीज इतर अणू अक्षराने दाखवितात. ओ म्हणजे ऑक्सिजन, एन म्हणजे नायट्रोजन, एस म्हणजे गंधक, पी म्हणजे फॉस्फरस आणि सीएल म्हणजे क्लोरीन. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्बनच्या अणूला चार हात असतात. चार म्हणजे चारच, पाच कधीही नाहीत. एक रेषा म्हणजे एक हात, जोडरेषा म्हणजे दोन हात. एखाद्या कोपऱ्यात चारांपेक्षा कमी रेषा दिसल्या, तर उरलेल्या हातांत हायड्रोजनचे अणू आहेत असे धरावे. ते लिहिण्याचा प्रघात नाही.

हे नियम गावच्या वर्गात शिकवावयाचे असल्यास चिखलाचे गोळे आणि धुऱ्यावरच्या तुरीच्या काड्या पुरेशा आहेत. प्रत्येक मोठ्या गोळ्यात चार काड्या खोचाव्यात. एकही काडी मोकळी राहता कामा नये, एवढेच पाहावे.

एका षट्कोनाचे दोन अर्थ

आता वहीतील आकृती घ्यावी. सहा कोपरे म्हणजे सहा कार्बन. प्रत्येक कोपऱ्यातून दोन रेषा शेजारच्या कोपऱ्यांकडे जातात आणि तिसरी क्लोरीनकडे जाते. एकूण हात तीन झाले. चौथा हात रिकामा आहे, म्हणून तेथे हायड्रोजन आला. सहा कोपऱ्यांचा हिशेब असा होतो: सहा कार्बन, सहा हायड्रोजन, सहा क्लोरीन. हे संयुग हेक्झाक्लोरो-सायक्लोहेक्झेन होय. शेतकऱ्यांच्या जुन्या पिढीला ते बी. एच. सी. पावडर किंवा गॅमेक्झिन या नावांनी परिचित होते. धानाच्या लोंबीवरील ढेकण्यासाठी ही १० टक्क्यांची भुकटी देशात अनेक ठिकाणी धुरळली जात असे.

परंतु उत्तर देण्यास येथे घाई करू नये. आकृती हाताने काढलेली आहे. षट्कोनाच्या आत एक आड एक अशा तीन जोडरेषा होत्या आणि काढणाऱ्याने त्या गाळल्या, असे तर नाही ना? काही पुस्तकांत या तीन जोडरेषांऐवजी आत एक वर्तुळ काढतात. शाई पुसट झाली की तेही दिसेनासे होते. त्या तीन रेषा असत्या तर हिशेब पार बदलला असता. प्रत्येक कोपऱ्याचे दोन हात शेजाऱ्यांकडे, जोडरेषेमुळे आणखी एक, आणि एक क्लोरीनकडे. चारही हात भरले. हायड्रोजनला जागाच उरली नाही. मग संयुग सहा कार्बन व सहा क्लोरीन यांचे, म्हणजे हेक्झाक्लोरोबेंझीन ठरले असते. ते कीटकनाशक नव्हे. ते बुरशीनाशक असून गव्हाच्या बियाण्याला काणी रोगापासून वाचविण्यासाठी लावीत असत.

दोन्ही नावे जवळजवळ सारखी ऐकू येतात, आणि गोंधळ वाढविण्यास आणखी एक कारण आहे. बी. एच. सी. या अक्षरांचा विस्तार बेंझीन हेक्झाक्लोराईड असा होतो. वास्तविक त्यात बेंझीनचे वलय उरलेलेच नसते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याने १८२५ मध्ये बेंझीन शोधून काढले आणि त्याच वर्षी उन्हात त्यावर क्लोरीनची क्रिया घडवून हे संयुगही मिळविले. त्या क्रियेत क्लोरीनची बेंझीनमध्ये बेरीज होते. आतल्या तिन्ही जोडरेषा उघडतात आणि त्यांचे मोकळे हात क्लोरीन धरतो. हेक्झाक्लोरोबेंझीनमध्ये मात्र बेरीज नसून अदलाबदल असते. सहा हायड्रोजन जातात आणि त्यांच्या जागी सहा क्लोरीन येतात. जुने नाव द्रव्य कसे तयार झाले ते सांगते, ते कसे आहे हे सांगत नाही. बेंझीनच्या सहा कार्बनांचे वलय केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडले, म्हणजे फॅरडेच्या प्रयोगानंतर ४० वर्षांनी. नाव आणि आकृती यांत विरोध दिसला तर नावावर न जाता आकृतीतील हातांचा हिशेब करावा, हे यावरून समजेल.

तीन गाळलेल्या रेषांचे मोल किती असते हे तुर्कस्तानात दिसून आले. तेथील आग्नेय भागात १९५५ च्या सुमारास पेरणीसाठी दिलेला, हेक्झाक्लोरोबेंझीन लावलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. पुढील काही वर्षांत हजारो लोकांना कातडीवर फोड येणे, उन्हात कातडी सोलणे असा आजार झाला. आयांच्या दुधावाटे विष पोटात जाऊन अनेक तान्ही मुले दगावली. औषध लावलेले बियाणे कोणत्याही कारणाने खाऊ नये, हा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे.

वजनाचा पडताळा

आकृती बरोबर वाचली की नाही हे तपासण्यास वजनाचा हिशेब उपयोगी पडतो. कार्बनचे अणुभार १२, हायड्रोजनचे १ आणि क्लोरीनचे ३५.५ धरावे. पहिल्या संयुगात कार्बनचे ७२, हायड्रोजनचे ६ आणि क्लोरीनचे २१३ मिळून बेरीज २९१ येते. दुसऱ्यात ७२ आणि २१३ मिळून २८५. दोहोंतील अंतर ६ आहे, आणि ते न लिहिलेल्या सहा हायड्रोजनचे आहे. ग्रंथात दिलेल्या रेणुभाराशी हा आकडा जुळला, तर वाचन बरोबर असण्याचा संभव वाढतो. प्रयोगशाळेत यंत्राने रेणूचे वजन मोजतात, तेव्हाही हेच दोन आकडे एकमेकांपासून वेगळे दिसतात.

आकृती काढणाऱ्याची चूक पकडण्याचाही हा मार्ग आहे. दोन जोडरेषा चुकून लगतच्या बाजूंवर आल्या, तर मधल्या कोपऱ्यात चार हात वलयातच संपतात आणि क्लोरीनसह पाच होतात. कार्बनला पाच हात नाहीत. तेव्हा ती आकृती चुकलेली आहे, हे रसायनशास्त्राची पदवी नसलेल्यालाही सांगता येते. त्याचप्रमाणे 'सीएल' मधील दुसरे अक्षर पुसून नुसते 'सी' राहिले, तर क्लोरीनचा कार्बन होतो आणि संयुगच निराळे ठरते. शंकास्पद अक्षर आपल्या अंदाजाने पुरे करू नये. त्या जागी प्रश्नचिन्ह करावे आणि दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात.

सपाट कागदावर जे दिसत नाही

आकृती निर्दोष असली तरी तिच्यातून सर्व काही कळते असे नाही. चिखलाच्या सहा गोळ्यांचे वलय करून पाटावर ठेवावे. प्रत्येक गोळ्याचा क्लोरीन वर रोखता येतो किंवा खाली. सहाही ठिकाणी निवड बदलीत गेल्यास वलय तेच, अणू तेवढेच, वजनही २९१ च. परंतु नमुने निरनिराळे होतात. बाजारात येणाऱ्या जुन्या बी. एच. सी. भुकटीत असे अनेक नमुने मिसळलेले असत. त्यांपैकी कीड मारण्याची खरी शक्ती गॅमा नावाच्या एकाच नमुन्यात होती, आणि त्याचे प्रमाण १०० भागांत साधारण १० ते १५ भाग एवढेच होते. गॅमामध्ये क्लोरीनची मांडणी दोन वर, एक खाली, पुन्हा दोन वर, एक खाली अशी असते. एक वर, एक खाली अशी एकाआड एक मांडणी केली की बीटा नमुना होतो. तो किडीवर फारसा चालत नाही, मात्र माती आणि शरीरातील चरबी यांत सर्वांहून अधिक काळ टिकून राहतो.

गॅमा नमुना शुद्ध स्वरूपात लिंडेन या नावाने विकला जाई. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान डर लिंडेन याने १९१२ मध्ये तो वेगळा केला होता; त्याच्यावरून हे नाव पडले. म्हणजे शेतकऱ्याने शेतात धुरळलेल्या भुकटीतील मोठा हिस्सा किडीच्या कामाचा नव्हता, पण जमिनीत साचत राहिला. भारतात बी. एच. सी. वर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे. पुढे लिंडेनवरही बंदी आली. हेक्झाक्लोरोबेंझीन हे २००१ च्या स्टॉकहोम करारातील पहिल्या यादीत होते. लिंडेन आणि त्याचे अल्फा व बीटा नमुने २००९ मध्ये त्या करारात घालण्यात आले.

वहीतील सपाट आकृतीत क्लोरीन वर आहे की खाली हे दाखविलेले नाही. तेव्हा तिचे वाचन करून एवढेच म्हणता येईल: ही बी. एच. सी. कुळातील द्रव्याची आकृती आहे. नमुना कोणता ते सांगता येत नाही.

'पी' हे अक्षर दिसल्यास

सर्व आकृत्या षट्कोनाच्या नसतात. कार्यकर्त्याने कोणत्याही रचनाचित्रात प्रथम 'पी' हे अक्षर शोधावे. फॉस्फरसच्या एका बाजूस जोडरेषेने ओ किंवा एस जोडलेला असून इतर हातांना ओ किंवा एस यांच्यामार्फत कार्बनच्या साखळ्या लागलेल्या असतील, तर ते द्रव्य सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील असण्याचा दाट संभव आहे. मॅलॅथिऑनमध्ये जोडरेषेच्या टोकाशी एस असतो, मोनोक्रोटोफॉसमध्ये ओ असतो. एका अक्षराचा हा फरक लहान नाही. एस असलेले द्रव्य प्राण्याच्या शरीरात गेल्यावर त्या जागी ओ येतो आणि मगच ते पुरे विषारी बनते. ओ असलेल्याला त्या बदलाची वाट पाहावी लागत नाही.

या वर्गातील विषे मज्जातंतूंच्या कार्यास लागणारे एक विकर बंद पाडतात. घाम, लाळ व अश्रू वाहणे, डोळ्यांतील बाहुल्या बारीक होणे, उलट्या, स्नायूंचे स्फुरण आणि श्वासाला अडथळा ही लक्षणे दिसतात. यावर रुग्णालयात अॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्झिम देतात. बी. एच. सी. सारख्या क्लोरीनयुक्त विषाने मात्र कंप व झटके येतात आणि त्याला असा खास उतारा नाही. झटके आवरणे आणि श्वास चालू ठेवणे हाच उपचार असतो. विष पोटात गेले की दूध किंवा तूप पाजण्याची चाल खेड्यांत आहे. क्लोरीनयुक्त विषे स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्यामुळे त्या दुधातुपाने विष अंगात अधिक भिनते. म्हणून ती चाल सोडावी.

द्रव्य कोणते हे वेळेवर कळणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात अनुभवले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. एकाहून अधिक औषधे एकत्र मिसळून फवारण्याची पद्धत होती. फवारणाऱ्याला टाकीत काय आहे हे सांगता आले नाही, तर डॉक्टरला केवळ लक्षणांवरून उपचार ठरवावा लागतो.

आकृती निराळी, डबा निराळा

आता घरधन्याच्या प्रश्नाकडे वळावे. वहीतील आकृती बी. एच. सी. ची आहे, हे ठरले. म्हणून डब्यातील भुकटी बी. एच. सी. आहे काय? असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. पान डब्याजवळ सापडले, एवढ्यावरून ते त्या डब्याचे होत नाही. शिवाय जुन्या डब्यात मागाहून दुसरी वस्तू भरून ठेवण्याची सवय घरोघरी असते.

भुकटीचा वास घेऊन, जिभेवर लावून किंवा विस्तवावर टाकून परीक्षा करण्याचा मोह टाळावा. क्लोरीनयुक्त द्रव्ये जळताना निघणारा धूर स्वतःच विषारी असतो. खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. तेथे नमुन्यातील घटक यंत्राने वेगळे करून प्रत्येकाच्या रेणूचे वजन मोजतात. क्लोरीनचे अणू ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचे असतात व त्यांचे प्रमाण साधारण तीनास एक असते. त्यामुळे मोजमापात क्लोरीनची विशिष्ट खूण उमटते आणि रेणूत किती क्लोरीन आहेत तेही कळते. वहीतील आकृतीचा तेथे उपयोग होतो, कारण काय शोधावयाचे याची दिशा तिच्यामुळे मिळते. तथापि निर्णय नमुन्याचाच असतो.

घरधन्याला द्यावयाचे उत्तर तेव्हा असे: भुकटी बी. एच. सी. असेल तर ती वापरण्यास बंदी आहे. हेक्झाक्लोरोबेंझीन असेल तर ती त्याहून धान्याजवळ नको. आणि तिसरेच काही असेल तर ते काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही. तिन्ही प्रकारांत ती बियाण्यात मिसळावयाची नाही.

गावपातळीवर करावयाची कामे

१. अनोळखी डबा हलवू नये, उघडू नये, दुसऱ्या भांड्यात ओतू नये. मुले, गुरे व धान्य यांपासून तो वेगळा ठेवावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयास लेखी कळवावे. नमुना घेणे हे कीटकनाशक निरीक्षकाचे काम आहे.

२. भुकटी बोडीत, तळ्यात, नाल्यात किंवा बांधीच्या पाण्यात टाकू नये, जाळू नये.

३. डब्याजवळचे कागद, फाटलेला लेबलाचा तुकडा, वहीचे पान हे सर्व जपून ठेवावे. आकृतीची नक्कल करावयाची झाल्यास प्रत्येक रेषा मोजून काढावी. जोडरेषा, आतील वर्तुळ आणि लहान अक्षरे यांकडे विशेष लक्ष द्यावे. शक्य तेथे नकलेऐवजी छायाचित्र घ्यावे.

४. नवे औषध खरेदी करताना लेबलावरील सामान्य रासायनिक नाव वाचावे व वहीत उतरून घ्यावे. व्यापारी नावे निरनिराळी असतात, रासायनिक नाव एकच असते. लेबलावरील त्रिकोणाचा रंगही नोंदवावा. लाल रंग सर्वांत तीव्र विषाचा. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे.

५. विषबाधा झाल्यास रोग्यास मोकळ्या हवेत आणावे, औषध लागलेले कपडे काढावेत, अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. स्वतःच्या हातांनाही ते द्रव्य लागू देऊ नये. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावून रोग्यास शासकीय रुग्णालयात न्यावे आणि डब्याचे लेबल किंवा त्याचे छायाचित्र बरोबर न्यावे.

लेबलावर उतारा छापण्याची सक्ती सहज आलेली नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे फॉस्फरसयुक्त विष वाहतुकीत खाद्यपदार्थांत मिसळून शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा अस्तित्वात आला. लेबलाचा कागद आज जो आहे तो अशा मृत्यूंमधून घडलेला आहे. फवारणी संपली की तो फाडून टाकणाऱ्याने हे स्मरावे.

सिहोऱ्याच्या त्या कल्पित कोठीत वहीचे पान होते आणि त्यावर नाव नव्हते. ज्याने ती आकृती काढली त्याने सहा रेषा व सहा क्लोरीन नेटकेपणाने काढले. खाली द्रव्याचे नाव व तारीख एवढेच लिहिले असते, तर हा सारा हिशेब करण्याची पाळी आली नसती. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वहीत कोणत्याही औषधाची आकृती उतरून घेताना तिच्याखाली रासायनिक नाव, ती कोठून घेतली ते आणि तारीख लिहावी. आणि प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या घरातील प्रत्येक डब्यास, पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा, त्याचे लेबल जागेवर आहे की नाही हे पाहावे.